धनुष्य जीवरामला, घर रूपालीला

मी, तानुबाई झिपरू मालचे, वय अदमासे शहात्तर, धंदा पूर्वी दवाखान्यात आया, आता घरी बसून लोकांना नावं ठेवणे, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला आहे. जीभ ठिकाणावर नाही, पण ती कधीच नव्हती. याआधी रागाच्या भरात तोंडी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

माझे पती कै. झिपरू दीपनगरला ठेकेदाराकडे कोळसा ओढत; पण दर नाताळाआधी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाटकात ते बायबलच्या जुन्या करारातले अलीशा संदेष्टे होत. नाटकाची हत्यारं आमच्याच पेटीत असतात. दुसरीकडे पुठ्ठ्याची करतात. आम्ही पिंपळनेरकडचे भिल्ल, आमची खरी आहेत. त्यांची वाटणी अशी:

१. गोफण मंडळीला. दावीदाने हिने गल्याथाला पाडलं, आम्ही हिने ज्वारीवरची पाखरं उडवली. दगड देत नाही. एकदा पाळकांच्या चष्म्याला लागला आहे.

२. गाढवाचा जबडा सून कल्पना हिला. शमशोनाने असल्याच जबड्याने हजार माणसं लोळवली. हा दोंडाईच्याच्या कुंभाराने दिला होता. सुनेला गरज नाही, तिचा स्वतःचा पुरतो. पण दुसऱ्या कोणाला शोभणार नाही.

३. तंबूची खुंटी आणि हातोडा नात करुणा हिला. याएलने झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात अशीच खुंटी ठोकली. करुणाच्या लग्नात देणार होते, पाळक म्हणाले, ‘अक्का, बरं दिसत नाही.’ म्हणून इथे देते. नवऱ्याला दिसेल अशी भिंतीवर टांगावी. वापरू नये.

४. पिंप्राळ्याचं दोन खोल्यांचं घर. हे माझ्या पगारातून घेतलेलं, माझ्या एकटीच्या नावावरचं आहे. ते मी मुलगी रूपाली हिला देते. कारण लिहिते, म्हणजे मुलगा जीवराम लोकांना विचारत फिरणार नाही.

अलीशा मरायला टेकला तेव्हा योआश राजा भेटीला आला. संदेष्टा म्हणाला, बाण घे आणि भुईवर आपट. राजाने तीनदा आपटले आणि थांबला. म्हातारा चिडला: पाच-सहादा आपटले असतेस तर शत्रू पुरता संपला असता, आता तीनदाच जिंकशील. आमच्या नाटकात लहानपणी हा राजा जीवरामच व्हायचा.

गेल्या नाताळाआधी मी तापाने पडले. दोघं उशाशी बसलेली. मला लहर आली. जीवरामच्या हाती बाण दिले, म्हटलं, ‘जितक्यांदा आपटशील तितकी वर्षं मी जगेन.’ त्याने तीनदा आपटले आणि थांबला. म्हटलं, सवय असेल.

‘हाई नाटक नई शे. मार आखो!’

‘माय, फरशी फुटी जाई ना!’

‘फुटू दे. तुन्ही शे का?’

‘मंग कोनी शे? मन्हीच ना!’

मी जिवंत असतानाच फरशी त्याची झाली होती. रूपालीने त्याच्या हातातून बाण ओढून घेतले. ती नवरा सोडून आली तेव्हापासून माझ्याजवळ आहे. शिलाई करते, भाजीत मीठ जास्त घालते, तोंड माझ्याहून खराब. ती आपटायला लागली ती थांबेचना. दोन पाती वाकली, फरशीला तडा गेला. शेजारची सलीमा धावत आली, ‘खाला, भूकंप झाला का?’ शेवटी मीच म्हटलं, ‘बस कर पोरी, इतली जगीसन काय करू?’

तर जीवरामने फरशी वाचवू पाहिली. ज्या घराची ती फरशी, ते घर रूपालीचं. त्याचं धुळ्यात स्वतःचं घर आहे, तो उघड्यावर पडत नाही. इसहाक आंधळा होता, म्हणून त्याने मोठ्याचा आशीर्वाद धाकट्याला दिला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. मला दोन्ही पोरं नीट दिसतात.

५. धनुष्य आणि न वाकलेले बाण जीवरामला. आमच्यात ते मोठ्या मुलाकडे जातं, आणि माझा त्याच्यावर राग नाही. योनाथानाने बाण मारले ते जीव घ्यायला नव्हे, मित्राला निरोप द्यायला. जीवरामकडे मोबाईल आहे. बहिणीला निरोप देत जावा.

६. बँकेतल्या पैशातून दफन करावं. बँड नको. मटण चांगलं असावं.

मी समाधानी आहे. पोरं म्हणजे वीराच्या हातातले बाण, असं जुन्या करारात म्हटलं आहे. माझे दोन होते. एक लांब गेला, एक परत आला. भाता रिकामा नाही.

साक्षीदाराला वाटा देता येत नाही म्हणतात, नाहीतर सलीमाला शेळी दिली असती.

जीवराम म्हणेल, अडाणी म्हातारीचा अंगठा धरून लावला. म्हणून इथे अंगठा नाही. आमचे लोक तीर सोडतानाही अंगठा लावत नाहीत, दोन बोटांनी सोडतात. सही खाली आहे. वाकडी आहे, माझी आहे.

साक्षीदार:
१. सलीमा रहीम पिंजारी, शेजारीण (सही)
२. वाल्मीक राजदीप सपकाळे, शिक्षक (सही)

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

तानुबाई झिपरू मालचे
(स्वतःच्या हाताने)