वरच्या फळीचा भार

नाशिक, कार्तिक वद्य पंचमी, १९३६

आज लोखंडावरून मी ह्यांच्याशी भांडले, तेही कासमभाई लोहारांच्या देखत. मोटारीमागे जोडायच्या गाड्यावर ह्यांना निजायची खोली बसवायची आहे, हवी तेव्हा उतरवून ठेवता येईल अशी. सांगाडा पोलादी अँगलचा, म्हणजे काटकोनी पट्ट्यांचा. पण हलका की जड? मला हलका हवा होता. चौघांनी उचलून अंगणात ठेवला की झालं. कासमभाईही म्हणाले, "साहेब, दोन माणसांना हलका अँगल पुष्कळ झाला. जड घेतलात तर खोली उतरवायला सहा जण लागतील."

हे ऐकेनात. जडच हवा! मी चिडून म्हटलं, "अहो, असा कुठला भार पडणार आहे त्याच्यावर?"

"वरची फळी आहे ना," हे म्हणाले.

निजायची ती वरची फळी आमच्या शमीची. उन्हाळ्यात ह्यांनी नकाशा काढला तेव्हा तिनंच हट्टानं मागून घेतली होती, उशाशी छोटी खिडकीसुद्धा. श्रावणात तापानं गेली माझी पोर. नकाशातली फळी मात्र कुणी खोडलीच नाही. ह्यांनी खोडायची होती, की मी?

कासमभाईंनी हातातला खडू खाली ठेवला. सात वर्षांची ती, तिचा भार तो किती? हलक्या अँगलनंही तिला सहज पेललं असतं. ह्यांना काय हे कळत नाही?

मग मीच म्हटलं, "कासमभाई, जडच कापा. आणि ती छोटी खिडकीही ठेवा."

सहा माणसं लागतील उतरवायला. लागू देत.