मजुरीच्या रकान्यातलं शून्य

सर,

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याचा गोल लोखंडी जिना. अजून त्याची एकही पायरी वाजत नाही. मुलांच्या वसतिगृहासाठी दुमजली खाटा. गणपती मंडळाच्या रथाचा कणा आणि चाकं. बायकोसाठी शेवयांचं यंत्र, कारण ती डावरी आणि बाजारातल्या सगळ्या यंत्रांचं हँडल उजवीकडे. भंगारातल्या मोटारीवर चालणारा छोटा लेथ. तुमच्या न्हाणीघरातला स्टीलचा दांडा, ज्याला धरून तुम्ही शेवटी शेवटी उठत-बसत होतात. आणि खडकवासल्याच्या पलीकडे एका शाळेत पाणी गाळायचं यंत्र. हे सगळं मी या हातांनी केलं. कुठल्या संस्थेत शिकलो नाही, नववीत शाळा सुटली ती सुटलीच, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही यादी लोकांना ऐकवताना मी यंत्राचं नाव मुद्दाम शेवटी घ्यायचो, कारण ते सगळ्यात चांगलं झालं होतं. हल्ली ते नाव मी घेतच नाही. तुम्हाला त्याच्याबद्दलच सांगायचं आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की आता सांगायला हरकत नाही असं वाटतं. तुम्ही असतात तर माझी जीभ रेटली नसती.

समाजकार्य करणाऱ्या आपल्या क्लबात मला तुम्ही आणलंत. डॉक्टर, सीए, दोन बिल्डर, एक वकील, आणि त्यांच्यात मी, नखांत ग्रीस असलेला. पहिल्याच बैठकीत वकीलसाहेबांनी मला विचारलं, "आपलं शिक्षण?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तुम्ही पापड मोडत म्हणालात, "यांचं चालू आहे. आपलं संपलं ना?" सगळे हसले, वकीलसाहेबही हसले, आणि त्यानंतर मला कोणी तो प्रश्न विचारला नाही. तुम्ही गणिताचे निवृत्त शिक्षक, क्लबाच्या ग्रँटचं सगळं काम तुमच्याकडे. बाहेरच्या खोलीत काकूंच्या शिकवणीची मुलं बसायची, म्हणून आपण स्वयंपाकघरात बसायचो. ओट्यावर कुकर, टेबलावर कागद, आणि कागदांवर पिठाचा हात लागू नये म्हणून तुम्ही काकूंना "अहो, जरा तिकडून" म्हणायचात. त्या म्हणायच्या, "हे माझं स्वयंपाकघर आहे, तुमचं ऑफिस नाही," आणि तरी चहा ठेवायच्या.

तिथेच मला कळलं की ग्रँट म्हणजे काय. क्लबानं स्वतःचा वाटा घालायचा, परदेशातला एखादा क्लब जोडीला मिळवायचा, मग सगळ्या क्लबांची वरची संस्था त्यात आपली भर घालते. वेगळं खातं, दोन सह्या. प्रत्येक वस्तूला तीन कोटेशनं. क्लबाच्या सभासदाच्या दुकानातून काहीही घ्यायचं नाही, सभासदाच्या नातलगाच्याही नाही. हे नियम मला आवडले, मोजमापासारखे होते. पण अर्जातले दोन प्रश्न मला फालतू वाटायचे. ही वस्तू हवी असं कोणी सांगितलं? आणि आपण निघून आल्यावर ती कोण चालवणार? तुम्ही नेमका सगळा वेळ त्या दोन प्रश्नांवर घालवायचात. हडपसरच्या एका शाळेत तर बाकांबद्दल एक शब्द न बोलता तुम्ही अख्खी सकाळ मुलांच्या आयांबरोबर बसला होतात. मी बाहेर झाडाखाली चडफडत होतो. परत येताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "फीत कापली की आपण मोकळे होतो. गाव त्या दिवशी अडकतं."

त्या बाकांचा अर्ज तुम्ही मला लिहायला दिलात. मी मन लावून लिहिला. लोखंडी अँगल किती जाडीचा, वेल्डिंग कुठे सलग आणि कुठे तुटक, फळीला रंगाचे किती हात. मुलं जमिनीवर बसतात हे कुठे लिहायचंच राहिलं. बाक मोडला तर कोण बघणार तेही नाही. तुम्ही टेबलाशी बसून शेवटपर्यंत वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, "पाठवा." अर्ज परत आला. बैठकीत बिल्डरसाहेब म्हणाले, "हा अर्ज होता की लोखंडाचं दुकान?" तुम्ही उभे राहिलात. "अर्ज मी तपासला होता. चूक माझी." जिन्यात मी तुम्हाला गाठलं. मला संताप आला होता. "सर, चूक दिसत होती तर सांगितली का नाहीत?"

"अहो, सांगितली असती तर तुम्ही माझ्याशी वाद घातला असतात," तुम्ही कठड्याला धरून एकेक पायरी उतरत म्हणालात. "त्या लोकांशी घालता येत नाही. ते लांब आहेत."

पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा मीच लिहिला, तुम्ही एका अक्षराला हात लावला नाहीत, आणि तो मंजूर झाला. मी पेढे घेऊन आलो, तर तुम्ही अर्धा पेढा घेतलात आणि विचारलंत, "बाकांचे स्क्रू कुठल्या पान्यानं निघतात? तो पाना शाळेत आहे का?"

तुम्ही गेल्यावर ग्रँटचं काम माझ्याकडे आलं. मीच मागून घेतलं, खरं तर. खडकवासल्याच्या पलीकडे त्या शाळेत टाकीचं पाणी पावसाळ्यात गढूळ यायचं. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः क्लबाला पत्र पाठवलं होतं, तेव्हा पहिला प्रश्न सुटला होता. बाजारातली यंत्रं मी बघितली. प्लास्टिकची, पातळ, जोडावर सिलिकॉन थापलेलं. मी म्हटलं, हे मी करतो. सभासदाकडून विकत घ्यायचं नाही हा नियम मला पाठ होता, म्हणून सामान क्लबानं बाहेरून घेतलं, तीन कोटेशनांनी, आणि माझ्या मजुरीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. त्या शून्याचा मला फार अभिमान होता, सर. आकडा लिहिला असता तर इतका झाला नसता.

यंत्र सुंदर झालं. स्टीलची उभी टाकी, आत वाळू आणि कोळशाचे थर, जोड असे की बोट फिरवलं तर कळू नयेत. दर आठवड्याला त्यातून उलट्या बाजूनं पाणी सोडून वाळू धुवावी लागते, नाहीतर ती गाळानं बुजते. त्यासाठी चार व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमानं फिरवायचे. क्रम चुकला तर वाळू वाहून जाते. मला तो धोका नको होता. मी व्हॉल्व्हभोवती पेटी केली आणि पेटीला कुलूप लावलं. गढूळ पाणी चुकूनही मुलांच्या नळाला जाऊ नये म्हणून शाळेच्या टाकीतून यंत्र टाळून नळाकडे जाणारी दुसरी वाटच ठेवली नाही. किल्ली माझ्याकडे. "दर शनिवारी मी येईन," मी बाईंना सांगितलं.

गावातल्या लोकांना शिकवल्याशिवाय ग्रँटचं काम पुरं होत नाही. मीही शिकवलं. पेटी उघडली, बाई, दोन शिक्षक, शिपाईमामा आणि पंचायतीचा एक माणूस समोर उभे केले, आणि सकाळभर बोललो. मामांनी एकदा हात पुढे केला, "ह्यो दांडा कुठल्या बाजूला फिरतो, बगू का?" मी म्हटलं, "नुसतं बघा." त्या दिवसाचा फोटो रिपोर्टला जोडला आहे. त्यात मी व्हॉल्व्ह धरून उभा आहे आणि बाकी सगळ्यांचे हात पाठीमागे आहेत. रिपोर्टमध्ये खोटं काहीही नाही. प्रशिक्षण झालं असं लिहिलंय, आणि ते झालं होतं.

वर्षभर मी शनिवार चुकवला नाही. मग चाकणच्या एका कारखान्याचं मोठं काम आलं. बाईंचा फोन आला तेव्हा मी त्या कारखान्यात शिडीवर होतो.

"साहेब, नळाला धार येईना. करंगळीएवढीच येते."

"शनिवारी येतो."

"मामा म्हणतायत, तुम्ही दाखवलंत तसं फिरवून बघू का? कुलूप तेवढं तोडावं लागेल."

"बाई, अजिबात हात लावू देऊ नका. सगळं यंत्र बाद होईल."

"बरं," बाई म्हणाल्या.

तो शनिवार मला जमला नाही. पुढचाही नाही. त्यानंतरचाही. फोन पुन्हा आला नाही, आणि फोन येत नाही म्हणजे चाललं असेल, असं मी समजलो. म्हणजे तसं समजणं मला सोयीचं होतं.

शेवटी गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. नळ कोरडे. मुलं बाटल्या घेऊन ओढ्यापलीकडच्या विहिरीवर निघाली होती, मोठी पुढे, धाकटी मागे, सवयीनं. यंत्र चकचकीत होतं. कोणीतरी रोज पुसत होतं. बाई ऑफिसातून बाहेर आल्या. चौथीतली एक मुलगी काविळीनं घरी आहे, त्यांनी सांगितलं, आणि दोघं नुकतीच उठून परत आली आहेत. कावीळ विहिरीच्या पाण्यानंच झाली असं डॉक्टरही ठामपणे म्हणू शकले नाहीत, हे मी तुम्हाला सांगतो, कारण नेमकं सांगायची मला सवय आहे. पण बाईंपुढे उभा असताना मला त्या नेमकेपणाची किळस आली.

मी विचारलं, "अहो, तोडायचं ना कुलूप!"

"तुम्ही म्हणाला होतात हात लावू नका." त्यांचा आवाज चढला नाही. "आम्ही नाही लावला."

मी पेटी उघडली. या वेळी शहाणा होऊन आलो होतो. मामांना बोलावलं, पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही करा. ते बिचारे दोनदा धोतराला हात पुसून पुढे आले. पहिला व्हॉल्व्ह बरोबर फिरवला. दुसरा जरा गच्च होता, त्याचा नट आधी सैल करायला हवा होता. त्यांनी पाना तिरका लावला. मला दिसत होतं की नटाच्या कडा घासल्या जाणार आहेत. एक नट, सर. माझ्याकडे तसे डबाभर आहेत. मी तुमचं ते "पाठवा" आठवत होतो, मनातल्या मनात म्हणत होतो, घासू दे. आणि माझा हात पुढे गेला आणि मी पाना त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. पोरांच्या देखत.

मामा मागे सरले. "साहेबांचंच हाय ते," हसून म्हणाले, "त्येंनाच करू द्या."

बाई हसल्या नाहीत. मी यंत्र धुतलं, नळाला मनगटाएवढी धार आली, मुलं ओरडली. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका. आमच्या गावच्या प्लंबरला उघडता येईल असं काहीतरी साधं मिळेल का क्लबाकडून?" मी मिळवून दिलं. ते बाजारातलं आहे, प्लास्टिकचं, जोडावर सिलिकॉन थापलेलं. आत्तापर्यंत दोनदा बिघडलं आणि प्लंबरनं दोनदा तिथल्या तिथे नीट केलं. चौथीतली मुलगी बरी झाली, पाचवीत गेली. माझं यंत्र व्हरांड्याच्या कडेला उभं आहे, त्यावर क्लबाची पाटी, आणि त्याच्या पाइपांवर मुलं ओले रुमाल वाळत घालतात.

क्लबात मी हे सगळं सांगितलं असेल असं तुम्हाला वाटेल. मी "मेंटेनन्सची अडचण आली, पर्यायी व्यवस्था केली" एवढंच म्हणालो. आताचा अध्यक्ष तरुण आहे, आयटीतला, चांगला मुलगा. त्याला यंत्राचे फोटो आवडले होते. गेल्या महिन्यात त्यानं मला कॉफी प्यायला बोलावलं. "काका, मोठी ग्रँट अप्रूव्ह होतेय. बारा शाळा. तुमचंच डिझाइन. आणि या वेळी फुकट नाही हं, तुम्ही कोटेशन द्या."

"सभासदाला देता येत नाही."

"मेव्हण्याच्या नावानं द्या ना काका. त्याचं वर्कशॉप आहेच ना? एवढं कोण बघतंय?"

मी नाही म्हणालो. हे बैठकीत पोचलं आणि वकीलसाहेब, आता पार थकलेत, काठी टेकून उठले आणि म्हणाले की सरांनी तयार केलेला माणूस आहे हा, नियम म्हणजे नियम. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

नियम माझ्या तोंडात होता, पण नाही म्हणताना डोक्यात तो नव्हता, सर. मेव्हण्याचं नाव निघालं तेव्हा मला बारा शाळांचे बारा शिपाई दिसले, आणि प्रत्येकाच्या हातातून पाना ओढून घेणारा माझा हात. हे मी उठून सांगायला हवं होतं. मी टाळ्या संपेपर्यंत थांबलो आणि मग जेवायला गेलो.

कागद संपत आला. हे पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही, आणि काकूंना वाचून दाखवायचा धीर मला होणार नाही. कोटेशन दिलं असतं तर किती झाले असते, हे मी त्याच रात्री मांडून बघितलं: बारा यंत्रं, एकेकाचे एक लाख ऐंशी हजार, मेव्हण्याच्या नावानं. एकूण एकवीस लाख साठ हजार रुपये. मी नाही म्हणालो.