उजव्या हाताचा मोजा

संत तुकाराम नगर, पिंपरी
३ डिसेंबर

चि. समाधान यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

सोबत लोकरीचे हातमोजे आहेत. सैन्याच्या मोज्यांच्या आत घाल. टीव्हीवर दिवसातून चार वेळा युद्ध पेटते आणि जाहिरातीसाठी थांबते. खरे काय ते तू लिही. बाबा पहाटे स्कूटरवरून चाकणला जातात, पण यंदा थंडीची तक्रार नाही. तुझ्या तिथल्या बर्फापुढे लाज वाटते म्हणे.

लोभ आहेच, तो टिकवायला पत्रे लिहावी लागतात.
तुझी आई, प्रभावती

मार्फत ५६ एपीओ
२२ डिसेंबर

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

उजव्या मोज्याचं मधलं बोट तू अर्ध्यावरच बंद केलंस! वीस वर्षं बाबांसाठी विणतेस. कंपनीच्या प्रेस मशीनमध्ये अर्धं गेलेलं त्यांचं बोट तुझ्या सुयांना पाठ झालंय. सगळा तंबू हसला. शेजारी झोपणारा भीमराज उसवून देत होता, मी दिला नाही.

इथे कांदा हातोडीने फोडतो. डोळे मिटले की मी काम शिकलो त्या चिखलीच्या वर्कशॉपमधल्या तेलाचा वास येतो. घर म्हणून दुसरं काही बरं आठवायला हवं होतं.

बाबांना जयभीम. ओरडत राहा, म्हणजे बरं वाटतं.
समाधान

४ जानेवारी

चि. समाधान,
जयभीम व आशीर्वाद.

चूक माझी. दोन्ही हात कागदावर ठेव, पेन्सिलीने आखून पाठव. नवे विणते.
आई

१९ जानेवारी

ती. आईस,
जयभीम.

डावा हात पाठवतोय. उजवा तसाच, कागद उलटा कर. थंडीने अक्षर बिघडलंय.

माया असू दे.
समाधान

३१ जानेवारी

चि. समाधान,
आशीर्वाद.

डावा हात माणूस उजव्या हाताने आखतो. तुझी रेघ दर बोटाला घसरली आहे. अक्षर थंडीने असे बिघडत नाही. मी दोन हात मागितले होते. उजवा पाठव, असेल तसा.
आई

१४ फेब्रुवारी

ती. आईस,
जयभीम.

सोबत उजवा हात. जनरेटरचा बोल्ट बसेना, म्हणून मोजा काढून आटे उघड्या बोटांनी चाचपले, बाबा करतात तसे. हिमदंश झाला. करंगळी अर्धी काढली. बाकीची शाबूत आहेत. आता दवाखान्यात आहे, बरा आहे. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. सवय त्यांची आहे, ते स्वतःला दोष देतील.

रागावू नकोस.
समाधान

२६ फेब्रुवारी

चि. समाधान यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

बाबांना सांगितले. आपल्या घरात बोट लपवून चालत नाही. तुझ्या कागदावर त्यांनी स्वतःचा हात ठेवला आणि पहिली शिफ्ट चुकेपर्यंत तसेच बसले. मग म्हणाले, त्याला लिही, महिनाभरात बाकीची बोटे शिकतात.

जुना मोजा भीमराजला उसवू दे. नव्याचे टाके घातले आहेत: मधले बोट पूर्ण, करंगळी अर्धी. या वेळी कागद समोर ठेवून विणते आहे.

उत्तर सावकाश लिही, पण उजव्या हाताने.
तुझी आई, प्रभावती