पलीकडून आलेली हाक

नावाड्याचं घर, नदीकाठ
१२ ऑक्टोबर १९२६

प्रिय वेना,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, सफरचंदं यंदा बारीक, आणि काळ्या कोंबडीनं अंडी बंद केलीत.

त्या सकाळी मी चूल पेटवली, राख बाहेर टाकली, पाव भाजायला ठेवला आणि तुझ्या बाबांचा चहा घेऊन वर गेले. धुकं इतकं, की खिडकीबाहेर नदी नव्हतीच, नुसता पाण्याचा आवाज. ते झोपेतच गेले होते. मी कप उशाशी ठेवला. का ठेवला, कोण जाणे.

तेवढ्यात पलीकडून मासेवाल्या मिसेस पास्कोची हाक आली. "ओ नाव! अगं ए केझाया! मेलात की काय सगळे तिकडं? माझे बांगडे सडतायत!"

लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, हाक आली की या घरातलं कुणीतरी उठतं. मी उठले. दोर सोडत होते, तेवढ्यात तू वर बाबांना पाहून धावत काठावर आलीस. "आई! बाबा तिकडे गार पडलेत आणि तू उतारू आणायला निघालीस? तुला रडू कसं येत नाही गं?"

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. दरवेळी कोंबड्यांबद्दल लिहिते. दोन ईस्टर झाले, तू आली नाहीस.

त्या सकाळी मधल्या धारेत दोन्ही काठ दिसेनासे झाले, तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. मोठा. त्यात त्यांचं नाव होतं, बाकी नुसताच आवाज. वल्ही हातातून सुटली. नाव आपली आपण गोल फिरत राहिली, आणि मला वाटलं, ते मागच्या फळीवर बसलेत, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"ऐकलं गं बाई, ऐकलं!" मिसेस पास्को पलीकडून ओरडली. "घसा नको फोडूस, ये सावकाश!"

तिला वाटलं, मी ओ दिली. मी नदीच्याच पाण्यानं तोंड धुतलं आणि तिला घेऊन आले. वाटभर ती बांगड्यांच्या भावाबद्दल बोलत होती.

बाबांनी लिलावात घेतलेला तो जाडा शब्दकोश मी हल्ली संध्याकाळी वाचते. आपल्या बोलीत रडणं, हाक मारणं, मासेवालीचं ओरडणं, शिकारी कुत्र्यांचा गलका, सगळ्याला एकच शब्द आहे, 'क्राय'. ज्यांनी तो पहिल्यांदा वापरला ती माणसं धुक्यात राहत असावीत.

मी रडले, वेना. वारा पलीकडे वाहत होता, म्हणून तुला ऐकू आलं नाही.

दफन झाल्यावर मीच तुला पार नेलं. तू उतरलीस आणि मागे न बघता चढणीनं स्टेशनकडे गेलीस. दुसऱ्या दिवशी कुणाची हाक आलेली नसताना मी नाव काढली, रिकामीच पलीकडे नेली, आणि अंधार पडेपर्यंत त्या चढणीच्या पायथ्याशी बसून राहिले.

तू बोलत नसलीस तरी तुझीच,
आई