बायजाला मागे ठेवू नये

मी, आनंदा हिरू मढवी, वय वर्षे ७४, राहणार ओवळे गाव, घोडबंदर रोड, ठाणे, पूर्वी मोहने येथील कारखान्यात टाइमकीपर आणि सध्या घरी बसून सर्वांना सूचना करणारा, हा कागद राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डॉ. वासंती करमरकर यांनी मला तपासले, वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायला लावली, तिच्यावर माझे मतही ऐकून घेतले आणि मी भानावर असल्याचा दाखला दिला. माझ्या फुप्फुसांबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते इथे उतरवीत नाही. याआधी एक मृत्युपत्र मी सुनेवर चिडून केले होते. ते रद्द समजावे.

माझी पत्नी लक्ष्मी मुलगा पाळण्यात असतानाच वारली. मला एकच मुलगा, कमलेश. सून भावना. नात श्रिया, नातू नील. आणि माझी धाकटी बहीण बायजा, जिने कमलेशला वाढवले. मुलगा असताना बहीण वारस होत नाही, असे वकीलबाई म्हणतात. कायद्याचे बरोबर असेल, पण माझ्या घरी तसे चालत नाही. माझ्यामागे बायजा या गावात एकटी राहू नये, एवढ्यासाठी मुख्यतः हा कागद आहे. बाकीची कलमे ओघाने आली आहेत.

कलम १. गावठाणातले राहते घर कमलेशला. ते बिल्डरला देऊ नये. आमच्या शेतात उभ्या राहिलेल्या टॉवरमधली माणसे आमच्या अंगणाचे फोटो काढतात, तेवढी करमणूक त्यांना राहू द्यावी. बायजाच्या खोलीला कुलूप लावावे, पण खोली दुसऱ्या कोणाला देऊ नये. ती जेव्हा जेव्हा येईल तेव्हा तिला तिची खाट तिच्या जागी दिसली पाहिजे.

कलम २. बँकेतल्या ठेवींपैकी माझ्या आजारपणाचा खर्च जाऊन जे उरेल ते श्रिया आणि नील यांना सारखे. श्रियाला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा आहे. आमच्या सात पिढ्यांनी त्या जिवांचे कालवण केले, ही पहिलीच त्यांना पुस्तकात बघणार आहे. मला तिचे फार कौतुक वाटते आणि ते तिला सांगावे.

कलम ३. मिठागरात मीठ ओढायचे लाकडी फावडे नीलला. ते दिवाणखान्यात शोभेला टांगू नये. टांगायचेच असेल तर आधी ते उन्हात दिवसभर ओढून बघावे.

कलम ४. माझा चुलतभाऊ विश्राम याने नेलेली पहार आणि मोठे जाळे आता त्याचेच समजावे. मागून मागून मी थकलो. त्याने देवळाच्या पारावर बसून "आनंदानं गाव विकला न पोरं परदेशात पळवतो" असे जे चालवले आहे, त्याबद्दल त्याला काही द्यायचे नाही. त्याने स्वतःची जमीन आमच्या आधी विकली, याची मात्र कोणीतरी त्याला आठवण करून द्यावी.

कलम ५. परदेशातले समुद्राकाठचे घर. त्याचे रीतसर मृत्युपत्र तिकडच्या कायद्याने वेगळे केले आहे. ते घर संपूर्णपणे भावनाच्या नावे जाईल, कमलेशच्या नाही. देशाचे नाव इथे लिहीत नाही, कारण लिहिले की विश्रामचा मुलगा उद्याच एजंट गाठेल. घर सुनेला का, असे विचारतील त्यांच्यासाठी पुढचे सर्व लिहितो.

खाडीकडची जमीन माझ्या आणि बायजाच्या नावावर होती. बायजाने हक्कसोड केली नव्हती. आमच्यात बहिणी सही करतात आणि साडी घेऊन जातात. हिला मी सही मागितली नाही आणि हिने साडी मागितली नाही. जमीन बिल्डरला गेली तेव्हा भावनाने विषय काढला की काही देश ठरावीक गुंतवणूक करणाऱ्याला कुटुंबासह कायमचे राहू देतात. ती मूळची टिटवाळ्याची, कल्याणला एका सीएंच्या ऑफिसात पंधरा वर्षे काम केलेली. बारीक अक्षरातला नियम तिच्या नजरेतून सुटत नाही.

मी चिडलो. म्हटले, आपलंच गाव अनोळखी लोकांनी भरलं, आता आपण दुसऱ्याच्या गावात जाऊन अनोळखी व्हायचं?

ती म्हणाली, "बाबा, अख्खं जग आपल्या शेतात येऊन राहिलं. त्यांना कुणी विचारलं, का आलात? मग आपण का नाही जायचं? आणि पोरांना दर वेळी व्हिसासाठी लोकांसमोर उभं राहायला नको."

यावर मी चहा मागितला.

पैसे माझे आणि बायजाचे मिळून त्या समुद्राकाठच्या घरात गेले; घर माझ्या नावावर, अर्ज कमलेशच्या. मग नियम कळला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुले आणि दोघांचे आईवडील. आत्या नाही. म्हणजे तिचे पैसे चालत होते, ती चालत नव्हती. बायजाला सोडून जायचे तर कोणालाच जायचे नाही, हे कमलेशने तिथल्या तिथे सांगितले, आणि त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे.

त्यावर आमचा अर्ज भरणारा एजंट हसला. "सर, तुमची केस एकदम क्लीन आहे. मुलाच्या पासपोर्टवर मदरचं नाव बघा ना. बायजा! ऑलरेडी मॅच होतंय, टेन्शन काय?"

तसेच होते. कमलेशला शाळेत घालायला बायजा गेली होती, मी पहिल्या पाळीला. मास्तरांनी आईचे नाव विचारले, हिने स्वतःचे सांगितले. दाखल्यावरून ते रेशनकार्डावर गेले, तिथून पासपोर्टवर. आम्हाला त्यात कधी काही वावगे वाटले नाही. कमलेश तिला आये म्हणतो, भावना आई म्हणते. सही केली की काम झाले, असे मी म्हटले. देवीनेच सोय करून ठेवली होती असे मला वाटले.

भावना म्हणाली, "मी नाही देणार हे."

घरात नुसता वणवा पेटला. मी तिला नको ते बोललो. कमलेशसुद्धा म्हणाला, "अगं, खोटं कुठंय त्यात? तीच माझी आई आहे." भावनाने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाली, "उद्या कुणी तपासलं तर सगळ्यांची तिकडे राहायची कार्डं जातील, ते एक. आणि दुसरं, लक्ष्मीआई या घरात होत्या. त्या गेल्या, पण नव्हत्याच असं मी कुठल्या कागदावर लिहून देणार नाही. आईंना न्यायचं तर आत्या म्हणूनच न्यायचं."

मी तिच्याशी बोलणे टाकले. रागाचे मृत्युपत्र केले ते तेव्हाच. ती मला भाकरी वाढायची, मी भिंतीकडे बघून खायचो. आणि ही बाई एकटीच कामाला लागली. लक्ष्मीचा मृत्यूचा दाखला जुन्या रजिस्टरातून काढला. प्रतिज्ञापत्रे केली, राजपत्रात दुरुस्ती छापून आणली, शाळेचा दाखला बदलला, कमलेशचा पासपोर्ट नवा केला. त्यात इतका काळ गेला की तिकडे गुंतवणुकीची मर्यादा वाढली आणि आम्हाला उरलेला जमिनीचा पट्टाही विकावा लागला. एजंट सोडून गेला. भावनाने स्वतः अर्ज लिहिला: ही अर्जदाराची आई नाही, आत्या आहे; हिने त्याला वाढवले; गुंतवणुकीत हिचाही पैसा आहे; हिला कुटुंबात धरावे, नाहीतर आमच्यापैकी कोणालाच धरू नये. चाळीस वर्षे मी कारखान्यात माणसांच्या येण्याजाण्याच्या नोंदी केल्या, पण इतका सरळ कागद मी पाहिलेला नाही.

मग त्या देशाच्या वकिलातीतून मुंबईला मुलाखतीचे बोलावणे आले. अधिकारी बायजाला प्रश्न विचारणार होता, आणि आमचा जीव टांगणीला लागला तो तिथे. कारण कमलेश कोण म्हणून कोणीही विचारले की बायजा एकच उत्तर देते. ते उत्तर तिने तिथे दिले असते तर अर्जात एक आणि तोंडी दुसरे, म्हणजे सगळेच बुडाले असते. हे तिला सांगायचे कोणी? मला धीर झाला नाही. भावना ओट्यावर तिच्याशेजारी सोडे निवडायला बसली आणि निवडता निवडता सांगितले. बायजा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. म्हणजे भावनाशी न बोलणारे आता घरात दोघे झालो.

मुलाखतीच्या खोलीत अधिकारी, दुभाष्या आणि आम्ही. भावनाला बोलायला मनाई होती. दुभाष्याने हिंदीत विचारले, "ये आपका बेटा है?"

बायजाने कमलेशकडे बघितले. भावनाने डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

"नाय," बायजा म्हणाली. "भावाचा हाय. त्याची आय लक्ष्मी. ती मेली तवा यो एवढासाच होता."

दुभाष्याने सांगितले. मग अधिकाऱ्याचा पुढचा प्रश्न आला, "तो आप कौन हैं?"

"मी घरात हाय," बायजा म्हणाली.

दुभाष्याला ते कसे सांगावे कळेना. त्याने तिलाच पुन्हा विचारले, तिने पुन्हा तेच सांगितले, आणि कमलेश, एवढा सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, तिथेच रडायला लागला. अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला आणि काहीतरी लिहून घेतले. खाली लिफ्टमध्ये बायजा भावनाला म्हणाली, "नीट बोललो ना गो?" भावनाने तिला मिठी मारली. लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडली, बंद झाली, परत वर गेली, तरी दोघी तशाच.

कार्डे आली. सर्वांची, आणि बायजाचे सुद्धा, कुटुंबातली आश्रित आत्या म्हणून. लक्ष्मीही कमलेशच्या पासपोर्टवर आली. माझ्या बायकोचे नाव मुलाच्या नावापुढे छापलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. भावना, मी तुला तोंडावर कधी चांगले म्हटले नाही, ते आमच्यात जमत नाही. तुझ्यासारखे माणूस माझ्या घरात आले हे माझे भाग्य. ज्या बाईने ते घर खरे बोलून मिळवले, ते तिचेच असावे. आणि त्या घरात कोण आपले आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकारही तिलाच असावा, कारण तो तिला चांगला वापरता येतो.

कलम ६. आता राहिले मुख्य. कार्डाला मुदत आहे. त्याआधी प्रत्येकाने तिकडे जाऊन राहायला सुरुवात केली पाहिजे, नाहीतर ज्याचे त्याचे कार्ड जाते. मला डॉक्टरांनी विमान मना केले आहे. बायजा म्हणते, "दादूस हाय तवर मी हलनार नाय." ती हलत नाही म्हणून भावना हलत नाही, आणि श्रियाच्या तिकडच्या कॉलेजचा प्रवेश लोंबकळतो आहे. तिकिटे दोनदा रद्द झाली. मी उशिरा गेलो तर यांचे सगळे जाईल, आणि लवकर गेलो तर गाव म्हणेल, वर्षाच्या आत घराला कुलूप घालून कसे निघालात?

म्हणून मी हुकूम देतो की माझे वर्ष पाळू नये. दहावे, बारावे गावच्या रीतीने करावे, पण मुदत जवळ आली असेल तर त्याचीही वाट बघू नये. सुतकातही विमानात बसता येते, मी भटजींना विचारून ठेवले आहे. वर्षश्राद्ध तिकडच्या समुद्रावर करावे, पाणी सगळे एकच आहे. विश्राम बोलेल त्याला हे कलम वाचून दाखवावे.

आणि बायजे, हे तुझ्यासाठी. लक्ष्मी गेली तेव्हा तू भाईंदरच्या सासरी होतीस. नवरा नव्हता, पण दीर चांगला होता, तुझी स्वतःची चूल होती. मी तुला आणायला आलो आणि म्हणालो, पोर चालायला लागेपर्यंत ये. तू एक ट्रंक घेऊन आलीस. पोर चालायला लागले, तुला परत पोचवायचे माझ्या मनातही आले नाही, आणि तू कधी विचारले नाहीस. आता मी सांगतो, निघ. रडायचे तेवढे रड आणि भावनाचा हात धरून जा. माझ्यासाठी मागे थांबू नकोस. हे तुला तोंडाने सांगितले तर तू ऐकणार नाहीस, म्हणून सही-शिक्क्याने सांगतो.

या कागदाची व्यवस्थापक म्हणून मी भावना कमलेश मढवी हिला नेमतो. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि त्यात एक शब्दही बदलायचा नाही. हा कागद मी असेपर्यंत बायजाला वाचून दाखवू नये. मी गेल्यावर सर्वांत आधी तिलाच वाचून दाखवावा.

ठिकाण: ठाणे
दिनांक: १४ मार्च २०२५

(सही) आनंदा हिरू मढवी

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. वासंती करमरकर, डोंबिवली पूर्व
२. (सही) धम्मपाल सोनावणे, मोहने, कल्याण, कारखान्यातले सहकारी