होडीतली सहावी जागा

तू पाठवलेलं जाकीट घालून मी परवा भर घाटावर बुडाले, हंबीरराव, आणि बघायला सगळं गाव हजर होतं. म्हणून आशीर्वाद खाली लिहीन, आधी हे वाच. मिलिटरीत असली जाकिटं घालून तुमी नद्या ओलांडता व्हय? मग पलीकडं पोचतं कोण?

बरं, आता आशीर्वाद. चिरंजीव हंबीरराव यास राहीआक्काचे उदंड आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? पोरंबाळं बरी असतील. आमी खुशाल. म्हस व्याली, रेडी झाली. जास्त विचारपूस करत न्हाई, कागद लहान हाय आणि सांगायचं लय हाय.

श्रावणात आपल्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात. दरसाल गडी वल्हवतात आणि आमी बायकांनी काठावर उभं राहून नुसतं बघायचं. औंदा सगळ्या दुनियेत बायकांचं साल हाय म्हणं (रेडिओवर सांगतात), तवा सहा बायकांची एक होडी सोडायची ठरलीय. पाच पोरी मिळाल्या, म्हशीच्या शेपटीला धरून पवायला शिकलेल्या. सहावी मी. मला पवता येत न्हाई ते तुला ठाव हाय, पर मी वल्हं कसं मारते ते ठाव न्हाई. काठाला बांधलेल्या होडीत बसवून गडी म्हणाले, मारून बघा. मी असं मारलं की होडी खुंटासकट निघाली. तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई. इतकी वर्सं जातं वढलं, उसाच्या मोळ्या उचलल्या, पर हातात एवढा जोर कशासाठी साठला होता ते आत्ता कळलं.

पर सरपंच लालासाहेब आडवा आला. म्हणाला, वहिनी, पवता येत न्हाई तर अंगावर काहीतरी बांधा आणि घाटावर तरंगून दाखवा, मगच होडी. तुझ्या दाजींनी वाळका भोपळा आणला. तो पाठीला बांधला की मी पालथी, तोंड पाण्यात (बोलता येत न्हाई म्हणून दाजींना भोपळा लय पसंत पडला). मग तेलाचा रिकामा डबा काखंत बांधला, तर वल्हं मारताना कोपर डब्यावर वाजायला लागलं. होडी चाललीय का वरात, तेच कळंना. शेजारच्या नानासोनं ट्रॅक्टरची ट्यूब आणली. तिच्यात मी वरनं शिरले, पर बाहेर निघंना. शेवटी हवा सोडली तवा सुटले.

मग तुला नुसता ‘पाण्यात तरंगायचं जाकीट धाड’ एवढाच निरोप धाडला, आणि तुझा दोस्त सुट्टीवर येताना ते केशरी जाकीट घेऊन आला. झ्याक होतं. हात मोकळे, श्वास धरला की पुढच्या नाड्या बी बसत होत्या. मी खुंटीला अडकवलं आणि गावभर सांगत सुटले. तेवढ्यात आमच्या सासूबाईंनी ते चाचपून बघितलं. आत सावरीचा कापूस. घरात लेकीचं तान्हं बाळ, आणि बाळाच्या डोक्याखाली सावरीचीच उशी पायजे हे म्हातारीनं कवाचं मनात धरलेलं. तिनं शिवण उसवली, सावरी काढून उशी भरली, आणि जाकीट रिकामं दिसू नये म्हणून त्यात जुन्या गादीचा कापूस कोंबला. टाका असा बारीक घातला की मला पत्ता लागला न्हाई.

परवा मी ऐटीत पाण्यात उतरले, पाय सोडले. वाईच तरंगले बी. मग गादीचा कापूस पाणी प्यायला लागला. तो पीत गेला आणि मी खाली जात गेले. दाजींनी म्हशीचा कासरा टाकून वढून काढली. जाकीट वळचणीला टांगलंय, अजून गळतंय. म्हातारीला तिथंच विचारलं तर सावरी उशीत भरल्याचं सांगून वर म्हणती, अगं, मला वाटलं घालून मिरवायचं असंल, अंगातलं जाकीट घेऊन पाण्यात कोण जातं?

मी तशीच वल्ली, घाटावर लेकीजवळ निजलेल्या बाळाच्या डोक्याखालची उशी वढली, पोटाला बांधली आणि परत पाण्यात. बुचावानी वर! बाळ घाट दणाणंल असं रडलं, पर मी तरंगले. लालासाहेब म्हणतो, उशी बांधून शर्यतीत उतरलात तर पलीकडचं गाव जन्मभर हसंल. सावरी परत जाकिटात भरावी म्हटलं, तर लेक रागानं बाळ आणि उशी घेऊन सासरला, मेढ्याच्या गाडीत बसली.

तवा दुसरं जाकीट धाड. माझ्या मापाचं, श्वास सोडला तरी नाड्या बसतील असं. आणि शिवण उसवता येणार न्हाई असं काही मिळत असंल तर तसलंच.

तुझी आक्का,
राहीबाई

ता.क. बैलांच्या बेंदरापतूर माझं जाकीट आलं न्हाई तर लालासाहेब माझी जागा दुसरीला देणार हाय.

ता.क. ती दुसरी म्हंजे आमच्या सासूबाई. म्हातारीच्या माहेरी नाव होती आणि तिला पवता येतं, हे मला काल कळलं. तवा कापूस बदलला तो बाळासाठी का होडीसाठी, तूच सांग. जाकीट घरच्या पत्त्यावर धाडू नको, ती दारातच बसलेली असती. पोस्टात ठेवाय सांग, मी जाऊन आणते. धाडतोस का न्हाई, बेंदराच्या आदल्या दिसापतूर जबाब पायजे.