लालीत गेलेला काटा

उस्ताद, आज वर्कशॉपमध्ये एक जुनी कार आली आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलतोय. मोठ्यानं बोललो तर कामगार म्हणतील, मालकाचं डोकं फिरलं, म्हणून कागदावर. कारवाला म्हणाला, गरमीचा काटा वर चढतोय, मीटर खराब असेल, बदलून टाका. मी चालू गाडीच्या रेडिएटरला हात लावला. गार होता. हात तिथंच राहिला.

तुमच्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नामांतराच्या त्या दिवसांत आमच्या वस्तीला गाव सोडावं लागलं होतं, आणि परभणीत जिथं काम मागायला जावं तिथं पहिला सवाल आडनावाचा. तुम्ही जीपखालून डोकं बाहेर काढून विचारलंत, "कान कैसे हैं तेरे?" मी म्हणालो, "तिखट हायेत." "तो नाम बाद में बता. वो मटके का पानी पी और इधर आ." पाणी प्यालो. मग तुम्ही लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवलंत आणि त्याची लाकडी मूठ माझ्या कानाला लावलीत. आत काय काय बोलत होतं! कुठलं बेरिंग कोरडं, कुठला व्हॉल्व्ह सैल, हे सगळं मी त्या मुठीतून शिकलो.

पुढं पुढं पेचकस तुम्ही माझ्याच हातात द्यायला लागलात. "तू लगा, मेरी कमर दुखती." कमरेला काही झालेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी कुणाजवळ बोललो नाही.

आणि मग ती पांढरी कार. गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईंची. पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे आहेत, बाईंचा ड्रायव्हर घाई करतोय, "उस्ताद, काटा पार लालीत जायलाय. बाईंना आजच राणीसावरगावला जायचंय, एक बाळंतीण अडलीय." तुम्ही रेडिएटरला हात लावता. "पानी ठंडा, काटा गरम. झूठा है." मग इंजिनाच्या डोक्यावरच्या सेन्सरची तार काढता, काटा खाली पडतो. तारेचं उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला लावता. काटा सटकन लालीत. "मीटर अच्छा, तार अच्छी. सेन्सर गया." तुमच्या एकाही पायरीत चूक नव्हती, उस्ताद. आजही मी असंच शिकवतो. डब्यातला एक जुना सेन्सर काढून तुम्ही बसवलात, काटा मधोमध येऊन थांबला, आणि ड्रायव्हर लोकांनी मान डोलावली.

मी पंख्याच्या बाजूला उभा होतो. पंख्याच्या घोंघाटाखाली वॉटर पंपाचं बेरिंग खरखरत होतं. पंप गेलेला, पाणी फिरतच नव्हतं. आत इंजिन उकळतंय आणि रेडिएटर गार. काटा खरं सांगत होता. आपण खरं सांगणाऱ्याला काढून त्याच्या जागी खोटा बसवला. त्या चारचौघांत तुम्ही माझ्या हाती पेचकस दिला नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

संध्याकाळच्या एसटीनं ड्रायव्हर परत आला, धुळीनं माखलेला. "उस्ताद, इंजिन जाम झालं की हो! काटा मधीच होता अन् धूर निघाला. बाई दोन कोस पायी गेल्या." बाळंतीण वाचली, हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "गलती मेरी." सगळे गेल्यावर मला विचारलंत, "तेरेकू कुछ सुनाई दिया था क्या?"

"न्हाई, उस्ताद."

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकस माझ्यापुढं धरलात. "रख. मेरेकू अब इसमें कुछ बोलता नहीं." त्यानंतर तुम्ही बाकावर बसून राहायचात. गाड्या माझ्या नावानं यायला लागल्या.

आज तोच पेचकस मी त्या कारच्या पंपावर टेकवला, मूठ कानाला लावली. काही नाही. गिऱ्हाइकाला म्हणणारच होतो की पंप ठणठणीत आहे, तेवढ्यात माझा मिस्तरी, दोन लेकरांचा बाप, गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "मालक, पंप खरखरायलाय की! तुमाला ऐकू येईना का?" क्षणभर कानशिलं तापली. मग मी हसलो, आणि मूठ त्याच्या हातात दिली. पंप खोलला तर बेरिंगचा चुरा.

घरी आलो. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्याहून फोन करतो, तोही आता अर्धाच ऐकू येतो. मी नुसतं "हो, हो" म्हणतो. ही गोष्ट ज्याला हसत सांगावी असा एक माणूस होता, आणि त्याच्याशीच मी खोटं बोललो.

हा कागद कुठं पाठवणार? पेचकसाच्या पेटीत तळाला ठेवतो. पण त्याआधी एक. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लोकांपुढं तुमची अब्रू राखायला मी गप्प बसलो. तसं नव्हतं, उस्ताद. ती पांढरी कार आली त्याच्या चार दिवस आधी मी जिंतूर रोडवर माझ्या गॅरेजसाठी जागा बघून आलो होतो.